‘औषध’ : एका शब्दाची झडती

१

आमच्या महाविद्यालयात मी ग्रामीण साहित्य शिकवतो. गेल्या वर्षी शेतकरी आत्महत्येवरच्या कथा-कवितांचा भाग चालू होता. कर्ज, नापिकी, सावकार, सरकार, शेवटी गोठ्याच्या कोपऱ्यातला डबा आणि दुसऱ्या दिवशी दारात जमलेली माणसे, असा क्रम मी फळ्यावर मांडला होता. तास संपताना सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारा एक पावरा विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, “सर, या सगळ्या गोष्टींत औषध पिणारे आहेत. मारणारे कुठे आहेत?”

काही मुले हसली. मला हसता आले नाही. हा मुलगा सुट्टीत चोपड्याकडे कापसाच्या शेतात पंप मारायला जातो, हे मला माहीत होते. त्याचा प्रश्न त्याच्या पाठीवरून आला होता.

त्या दिवसापासून मी माझ्या वाचनाचा पुन्हा हिशेब मांडला. मराठी ग्रामीण साहित्यात विष आहे. ते भरपूर आहे. पण ते एकाच वाटेने येते. ते पिणाऱ्याच्या तोंडातून कथेत शिरते. पिणारा बहुधा सातबाराचा धनी असतो. त्याचे मरण ही शोकांतिका ठरते आणि ती ठरलीच पाहिजे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु हेच विष रोजच्या मजुरीसाठी दिवसभर पाठीवर वाहणारा, वाऱ्याने उलटलेला फवारा छातीवर घेणारा, संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधार येऊन बांधावर बसणारा माणूस माझ्या वाचनात कथेचा नायक म्हणून आलेला नाही. तो पार्श्वभूमीत असतो. ‘शेतात फवारणी चालू होती’ एवढ्या एका वाक्यात तो संपतो, आणि त्या वाक्यालाही कर्ता नसतो.

बहिणाबाईंच्या गाण्यांत शेताचे जे जग आहे त्यात हा पंप नाही. तो तेव्हा आलेलाच नव्हता. आसोद्याच्या या बाईचे १९५१ साली निधन झाले आणि पुढच्या वर्षी तिची गाणी पुस्तकरूपाने आली. तिच्यानंतर खानदेशचा कापूस बदलला, केळी बदलली, पाणी बदलले. शेतात काम करण्याची पद्धत मुळापासून पालटली. साहित्यातले शेत मात्र बरेचसे नांगर, मोट आणि मळणी यांपाशीच थांबले. ज्याला आपण वास्तववाद म्हणतो तो वास्तवाच्या दोन पिढ्या मागे राहिला, हे आधी मान्य केले पाहिजे.

२

आता शब्दाकडे येतो. आमच्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. ते ‘औषध’. कृषी केंद्र म्हणजे ‘औषधाचे दुकान’. फवारणी म्हणजे ‘औषध मारणे’. पिकावर ‘रोग पडतो’ आणि मालक त्याला औषध आणतो. या बोलण्यात एक संपूर्ण चित्र दडलेले आहे. कपाशी रोगी आहे. मालक आणि दुकानदार हे वैद्य आहेत. मग मजूर कोण? तो पिचकारी आहे. रोग्याची चौकशी होते, वैद्याला फी मिळते. पिचकारीला काय होते, हे विचारण्याची रीत कुठेच नाही.

पण भाषा इतकी भोळीही नाही. याच वस्तूबद्दल आम्ही ‘औषध पिऊन मेला’ असेही म्हणतो. म्हणजे हे औषध माणसाला मारते, हे भाषेला पक्के ठाऊक आहे. तेच द्रव्य ओठातून गेले तर विष, आणि कातडीतून किंवा श्वासातून गेले तर औषध! हा भेद द्रव्याने केलेला नाही. तो आपण केला आहे.

या भेदाची किंमत माझ्या घराने दिली आहे. २०१४ सालच्या भाद्रपदातली गोष्ट. माझा मोठा भाऊ तापीकाठच्या एका शेतात पंप मारत होता. आमच्याकडे मजुरी पंपावर ठरते. जितके पंप, तितके पैसे. त्यामुळे पंधरा लिटरचा पंप रिकामा झाला की दुसरा लगेच भरायचा. दोन औषधे एकत्र करून काठीने ढवळलेली होती. दुपारनंतर भावाला घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, मग उलट्या सुरू झाल्या. नजर धूसर झाली. मी तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो आणि योगायोगाने घरी होतो. मालकाच्या जीपमधून आम्ही त्याला तालुक्याच्या एका दवाखान्यात नेले. तिथला पहिला प्रश्न होता, “कधी प्यायला? किती प्यायला?”

माझी माय म्हणाली, “पेला नही डॉक्टरसाहेब, मारत व्हता तो.”

तिचे कोणी ऐकले नाही. केसपेपरवर ‘विष प्राशन’ असे लिहिले गेले. रात्री पोलीस जबाब घ्यायला आला. त्यानेही, घरात भांडण झाले होते का, असेच विचारले. भाऊ वाचला, उपचार करणाऱ्यांनी त्याला वाचवले हे मी विसरत नाही. पण कागदावरचा तो एक शब्द वाचला की पुढे काय होते तेही लक्षात घ्या. मालक मोकळा झाला; दवाखान्याच्या बिलात त्याने घातलेले पैसे मेहेरबानी ठरले. भावाची त्या हिवाळ्यात ठरत आलेली सोयरीक मोडली, कारण ‘पोराने औषध घेतलं होतं’ अशी बातमी दोन गावे पुढे गेली. आणि सरकारच्या दप्तरात कामावर विषबाधा झालेला एक मजूर कमी होऊन आत्महत्येचा प्रयत्न करणारा एक तरुण वाढला.

साहित्याने जे केले तेच केसपेपरने केले. दोघांनाही विष आत जाण्याचा एकच दरवाजा ठाऊक होता.

३

यानंतर बऱ्याच वर्षांनी मी औषधाच्या खोक्यातली ती घडी घातलेली पत्रिका नीट वाचायला घेतली. साहित्याचा शिक्षक म्हणून मला वाटते की ही पत्रिका आपण एक संहिता म्हणून वाचली पाहिजे. महाराष्ट्राच्या खेड्यात दरवर्षी इतक्या प्रती जाणारे आणि इतके न वाचले जाणारे दुसरे छापील लेखन नसेल.

या पत्रिकेला इतिहास आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाचा संसर्ग झालेले धान्यपीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर चौकशी झाली, आणि त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम आले. डब्यावर जो चौकोन उभा कोनावर ठेवलेला दिसतो तो या नियमांचा. खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. लाल गटावर कवटी आणि दोन हाडे असतात. पत्रिकेत विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट हे सर्व असावे आणि ते प्रादेशिक भाषेतही असावे, असे नियम सांगतो.

हे रंग कशावरून ठरतात ते पाहिले तेव्हा मी थांबलो. नियमातल्या त्या कोष्टकात दोन रकाने आहेत. एकात विष तोंडावाटे गेले तर किती मात्रेने मरण येते ते, आणि दुसऱ्यात कातडीवाटे गेले तर किती मात्रेने, ते. म्हणजे विषाला दोन दरवाजे आहेत हे नियम करणाऱ्यांना १९७१ सालीच माहीत होते. माझी माय २०१४ साली तेच सांगत होती. मधल्या त्रेचाळीस वर्षांत हा दुसरा रकाना दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोचला नाही.

आता पत्रिकेची भाषा पाहा. ‘हातमोजे वापरावेत.’ ‘तोंडावर मुखवटा बांधावा.’ ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.’ ‘काम झाल्यावर अंग साबणाने धुवावे.’ सगळी क्रियापदे विध्यर्थी आणि एकाही वाक्याला कर्ता नाही. हातमोजे कोणी वापरावेत हे कळते. ते कोणी आणून द्यावेत हे कळत नाही. साबणाचे पैसे कोणाचे? वारा फिरला म्हणून काम थांबवले तर बुडालेले पंप कोणाच्या हिशेबात? व्याकरणातला हा लोप निरागस नाही. कर्ता गाळला की जबाबदारी गळते, आणि अपघात झाला की गाळलेल्या जागी मजुराचे नाव लिहायला जागा मोकळी राहते.

दुसरा प्रश्न वाचकाचा. ही संहिता कोणाला उद्देशून लिहिली आहे? जो डबा विकत घेतो त्याला. मजुराच्या हाती डबा येत नाही. त्याच्या हाती बादलीत कालवलेले पांढरट पाणी येते. पत्रिका मालकाच्या ओसरीवर राहते. ती अतिशय बारीक टाइपात, अनेक भाषांत, घडीवर घडी घालून छापलेली असते. पाणी आणून देणाऱ्या बाईला, फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदणीला बसणाऱ्या बायांना, नवऱ्याचे भिजलेले कपडे घरच्या कपड्यांत धुणारीला, तर ती दिसतही नाही. या सगळ्यांच्या अंगाला विष लागते. पण विषाच्या पत्रिकेत त्यांची नोंद नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करावी अशी आहे. १९६८ च्या कायद्याचे ३८ वे कलम सांगते की घरच्या वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरले तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. छोट्या शेतकऱ्याला अधिकाऱ्यांचा जाच नको म्हणून ही सवलत ठेवली असेल. तो हेतू मी समजू शकतो. पण जमीन मालकाच्या कसणुकीत असते आणि पंप मजुराच्या पाठीवर. नियमांत संरक्षक कपडे आहेत, श्वसनाची साधने आहेत, वैद्यकीय तपासणी आहे, प्रशिक्षण आहे. हे सर्व बांधापर्यंत येते आणि बांधावर थांबते.

नुकसानभरपाईचेही तसेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी जी अपघात अनुदान योजना आहे, तिच्यात कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली आहे. चांगले आहे. पण लाभ वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. ज्याचा सातबारा नाही त्याचा अपघात नाही! १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात पुढे शेतीतल्या फवारणीचे काम यादीत घातले गेले. परंतु मजुराने मालकावर दावा लावायचा, त्यासाठी कामाचा पुरावा आणायचा, आणि केसपेपरवर ‘प्राशन’ लिहिलेले असताना आणायचा. हे त्याच गावात राहून कोणाला जमणार?

४

कोणी म्हणेल, तुमच्या घरातली एक घटना घेऊन तुम्ही सगळ्या व्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता. म्हणून यवतमाळकडे पाहावे लागते.

२०१७ च्या जुलैपासून पुढच्या काही महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयात गेली. मेलेल्यांत मजूर होते, तसे स्वतःच्या शेतात फवारणारे लहान शेतकरीही होते. हा प्रश्न फक्त दलितांचा आणि आदिवासींचा आहे असे मी म्हणणार नाही. विष जात पाहत नाही. जात पाहिली जाते ती पंप कोणाच्या पाठीवर द्यायचा हे ठरवताना.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्याही वर गेली होती, म्हणजे फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावर उतरे. गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला दाद देईना, म्हणून फवारण्या वाढल्या होत्या. हवा दमट होती. बॅटरीच्या पंपातून निघणारे तुषार जुन्या पंपापेक्षा बारीक होते आणि बारीक तुषार श्वासात लवकर शिरतात. औषधे एकात एक मिसळून मारली जात होती. ही सारी कारणे मजुराच्या हाताबाहेरची. तरीही चौकशीच्या आणि सरकारी बोलण्याच्या ओघात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिले : त्यांनी संरक्षक साधने वापरली नव्हती. पत्रिकेतला तो गाळलेला कर्ता अखेर असा सापडला. तो मेलेला होता.

मग किट वाटण्याचे कार्यक्रम झाले. मास्क आणि हातमोजे नकोत असे मी म्हणत नाही. पण संरक्षणाची शिडी आपण उलटी लावली आहे. कारखान्यातल्या सुरक्षेचे शास्त्र सांगते की पहिली पायरी म्हणजे अतिविषारी द्रव्य कामातून काढून टाकणे. दुसरी, त्याऐवजी कमी विषारी घेणे. तिसरी, यंत्र आणि कामाची पद्धत बदलणे. चौथी, वेळ आणि पाळी ठरवणे. हातमोजे आणि मास्क ही शेवटची पायरी. वरचे सगळे करूनही जे उरते त्यासाठी. भाद्रपदाच्या उन्हात, चिखलात, प्लास्टिकचा अंगरखा घालून आठ तास पंप मारून दाखवा म्हणजे ही पायरी शेवटची का, ते कळेल. आपण नेमकी शेवटची पायरी पहिली केली, कारण ती स्वस्त आहे आणि तिची जबाबदारी मजुरावर टाकता येते.

पहिल्या पायरीचे काय झाले? यवतमाळात ज्या औषधांची नावे निघाली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. हे लाल गटातले. २०१३ साली बिहारात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनातून तेवीस मुले मेली ती याच द्रव्याने. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा केंद्राचा आदेश निघाला तो २०२३ च्या सप्टेंबरात. दुसरे नाव होते ‘पोलो’चे. त्यातले डायफेन्थ्युरॉन हे द्रव्य तेव्हा युरोपीय संघात आणि कंपनीच्या स्वतःच्या देशात, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, वापरायला परवानगी उरलेली नव्हती. त्यावर खास असा उताराही नाही. आपल्या औषधाने हे घडले, हे सिंजेंटा कंपनीने नाकारले आहे. २०२० साली एक्कावन्न कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली आणि पुढे दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी बासेलच्या न्यायालयात दाद मागितली. यवतमाळच्या बाईला न्याय मागायला बासेलपर्यंत जावे लागते, यातच आपल्या कायद्याची उंची कळते.

भोपाळही इथे आठवले पाहिजे. भुसावळहून निघालेली गाडी इटारसीवरून भोपाळला जाते. आमच्या लोकांना ते गाव परके नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे जो वायू सुटला तो सेविन नावाचे कीटकनाशक बनवण्यासाठी साठवलेला होता. म्हणजे भोपाळच्या झोपडपट्टीला मारणारे विष शेतातल्या किडीसाठीच तयार होत होते. त्या घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक द्रव्यांवर नवे प्रकरण घातले गेले. आपण काय हाताळतो ते जाणून घेण्याचा, सुरक्षा समितीत बसण्याचा, समोर धोका दिसला तर तसे बजावण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला. हा अधिकार विष बनवणाऱ्या कामगाराला मिळाला. तेच विष मारणाऱ्याला मिळाला नाही. कारण शेत म्हणजे कारखाना नव्हे.

अर्थात कारखाना असला म्हणजे माणूस वाचतो असेही नाही. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि किमान बारा माणसे मेली. तिथे कायदा होता. कायदा असणे आणि तो दारात येऊन उभा राहणे यांत अंतर असते, आणि ते अंतर संघटनाच भरून काढू शकते. मात्र जिथे कायदाच नाही तिथे संघटनेला बोट ठेवायलाही जागा राहत नाही.

५

आता आपल्याकडे. प्रस्थापित साहित्याला दोष देऊन थांबणे सोपे आहे. दलित साहित्याने काय केले?

आपल्या लेखकांनी कामाने झिजणारे शरीर मराठीत प्रथम आणले, यात शंका नाही. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातलं सोनं’ या कथेतला भीमा खाणीतले काम सुटल्यावर प्रेते उकरतो आणि अखेर हाताची बोटे गमावतो. आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. काम, भूक आणि शरीर यांचे गणित इतक्या निर्दयपणे मराठीत क्वचितच मांडले गेले आहे. १९७८ च्या ‘बलुतं’पासून आत्मकथनांनी मेलेली ढोरे, गावकीची कामे, मुंबईतली हमाली यांचे जग उघडे केले. पण आत्मकथन शाळेची वाट धरते. नायक गावातून वसतिगृहात, तिथून नोकरीत जातो. आणि ज्या दिवशी तो गाव सोडतो त्या दिवशी त्याच्या साहित्यातले गाव थांबते. मागे राहिलेला भाऊ पुढे काय करतो, हे आपण लिहिले नाही. त्याच्या पाठीवर बलुत्याच्या ओझ्याऐवजी पंप आला, हे आपल्याला दिसले नाही.

बाबासाहेबांनी ही दृष्टी आपल्याला कधीच दिली होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचे उष्टे इतरांना चालत नसे. जास्त पगाराचे खाते म्हणून त्याला बंद. हा प्रश्न त्यांनी कामगार चळवळीपुढे मांडला. १९३८ च्या फेब्रुवारीत आमच्या खानदेशच्या वेशीवर, मनमाडला, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही अशा दोन शत्रूंचा उल्लेख केला तो याच अनुभवातून. कापसाच्या धाग्याच्या एका टोकाला आमचे तोंड अपवित्र होते. आज त्याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाला, शेतात, आमची कातडी आणि आमचा श्वास मात्र चालतो. चांगल्या कामापासून दूर ठेवणे आणि धोक्याच्या कामाजवळ ढकलणे ही एकाच व्यवस्थेची दोन कामे आहेत. ज्यांनी कशाला हात लावू नये असे सांगितले गेले, त्यांच्याच हाती आज, ज्याला कोणीही हात लावू नये, ते दिले आहे.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर चार वर्षांनी कर्ज काढून मी गावी दोन एकर जमीन घेतली. बा आता नाही. भाऊ पुन्हा पंपाला हात लावत नाही. औषधाच्या वासानेच त्याला मळमळते. मग आमच्या दोन एकरांत फवारणी कोण करतो? सातपुड्यातून आलेला एक पावरा तरुण. वर्गात ज्याने प्रश्न विचारला त्याच्यासारखाच. त्या प्रश्नानंतर मी गावी गेलो आणि आमच्याच ओसरीवर मागच्या हंगामातल्या औषधाची पत्रिका मला सापडली. घडी उघडलेलीही नव्हती. मी भावाला विचारले, त्या पोराला काही सांगितले होते का? भाऊ म्हणाला, “सांगना काय? औषध शे ते.”

ज्या शब्दाने भावाला झोपवले होते तोच शब्द भावाच्या तोंडी होता, आणि शेत माझे होते. ३८ व्या कलमाची सवलत आता मला मिळत होती. ‘स्वतःच्या कसणुकीतली जमीन’ म्हणजे माझी जमीन. शिकून आम्ही वर आलो असे आम्ही म्हणतो. वर येणे म्हणजे पंप दुसऱ्या वस्तीच्या पाठीवर देणे असेल तर त्या वर येण्याला काय नाव द्यायचे, याचा विचार आपण, शिकलेल्यांनी, केला पाहिजे.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. त्या मोठ्या नाहीत. खरीप सुरू होताना प्रत्येक विहारात, आश्रमशाळेत, समाजमंदिरात या पत्रिका मोठ्याने वाचल्या जाव्यात. मराठीत वाचून अहिराणीत, पावरीत, भिलोरीत सांगाव्यात. हे काम महाविद्यालयातली मुले एका रविवारी करू शकतात. आम्ही आमच्या गावी ते केले. वाचन संपल्यावर बायांनीच जास्त प्रश्न विचारले, कारण पाणी त्या देतात आणि कपडे त्या धुतात. मजुरी पंपावर न घेता दिवसावर घेण्याचा आग्रह मजुरांनी मिळून धरावा. पंपावरची मजुरी माणसाला स्वतःच्या जिवाशी शर्यत लावायला लावते. दवाखान्यात सोबत जाणाऱ्याने रिकामा डबा आणि पत्रिका बरोबर न्यावी आणि केसपेपरवर ‘फवारणी करताना विषबाधा’ असे लिहून घेतल्याशिवाय हलू नये. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी, जिच्यावरून मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांची बाधा कळते, ती तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, ही मागणी संघटनांनी करावी. अपघात अनुदानात सातबारा नसलेला मजूर यावा, आणि ३८ व्या कलमातून मजुरी देऊन करून घेतलेली फवारणी वगळावी, या दोन मागण्या प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात असाव्यात.

आणि लेखकांना एक विनंती. त्याला औषध म्हणू नका. पात्राच्या तोंडी येईल तेव्हा येऊ द्या. पात्र तसेच बोलणार. पण निवेदकाच्या भाषेत त्याला विष म्हणा. ‘फवारणी चालू होती’ असे लिहू नका. कोण फवारत होता, कोणाच्या शेतात, किती पंपांवर, हे लिहा. वाक्याला कर्ता द्या. आपल्या साहित्याने माणसाला नाव नाकारणाऱ्या भाषेविरुद्ध बंड केले होते. ते बंड पुरे झाले असे समजून आपण स्वस्थ बसलो आहोत, आणि भाद्रपदात कपाशीच्या रांगांतून तोंडाला नुसता रुमाल बांधलेला माणूस चालतोच आहे.

त्या विद्यार्थ्याला मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. या वर्षी अभ्यासक्रमाच्या बाहेर जाऊन मी वर्गात ती पत्रिका शिकवणार आहे, आणि ती वाचून समजावण्याचे काम त्याच्याकडे देणार आहे.